उन्हाळी सुट्टीत संशोधनाची उमेदवारी

दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये संपतो आणि अकरावीचे वर्ग सुरू व्हायला जून-जुलै उजाडतो. नववीतून दहावीत जाणाऱ्यांनाही मे महिन्यात थोडीफार उसंत मिळते. या दिवसांत घरोघरी एकच चर्चा चालते, कोणत्या क्लासची कोणती बॅच धरायची. ज्या मुलामुलींना विज्ञानाची किंवा यंत्रांची मनापासून ओढ आहे, त्यांनी या सुट्टीचा आणखी एका दृष्टीने विचार करावा. एखाद्या प्रयोगशाळेत, संशोधन केंद्रात किंवा कार्यशाळेत काही आठवडे तिथल्या माणसांच्या हाताखाली काम करावे. पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीमागे किती मोजमापे आणि किती फसलेले प्रयोग असतात, हे त्या काही आठवड्यांत कळते. पुढे विज्ञान घ्यायचे की नाही, हा निर्णयही मग ऐकीव माहितीवर राहत नाही.

अशी संधी फक्त मोठ्या शहरातल्या, मोठ्या ओळखीच्या घरांतल्या मुलांनाच मिळते, असा समज आहे. तो पूर्ण खरा नाही. पण त्यासाठी तयारी लागते आणि ती सुट्टी लागण्याच्या कितीतरी आधी सुरू करावी लागते.

आधी अपेक्षा नीट ठरवा

शिंप्याकडे उमेदवारीला गेलेला मुलगा पहिल्या दिवशी कोट शिवत नाही, तो काजे-बटणे करतो. संशोधनातही तसेच आहे. दोन-चार आठवड्यांत कोणी नवा शोध लावत नाही. मापे घेणे, नमुन्यांवर चिठ्ठ्या लावणे, भांडी धुणे, आकडे तक्त्यात भरणे, एकच मोजणी पुन्हा पुन्हा करणे, अशीच कामे वाट्याला येतात. ही कामे कमी दर्जाची मानू नका. शास्त्रज्ञाचा निष्कर्ष याच मोजण्यांवर उभा असतो. एक चिठ्ठी चुकली तर महिन्याचे काम वाया जाऊ शकते. म्हणून जो मुलगा किंवा जी मुलगी हे काम चोख करते, तिच्यावर पुढचे काम सोपवले जाते.

तेव्हा ‘माझा शोधनिबंध छापून येईल’ ही अपेक्षा मनातून काढून टाका. ‘एक उपकरण मला नीट हाताळता येईल, एका प्रश्नाकडे पाहण्याची पद्धत कळेल आणि माझ्या नोंदींवर दुसरा माणूस विश्वास ठेवू शकेल’ एवढे साधले तरी सुट्टी सार्थकी लागली.

ठरलेल्या योजना

काही संस्था शाळकरी मुलांसाठी ठरवून कार्यक्रम घेतात. त्यांचे नियम आणि तारखा दरवर्षी बदलू शकतात, म्हणून अधिकृत संकेतस्थळ पाहण्याची सवय जानेवारीपासूनच ठेवा.

पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संशोधन संस्थेने उन्हाळ्यात शालेय विद्यार्थ्यांसाठी आठवडाभराचा उपक्रम अनेक वर्षे चालवला आहे. मुले सोमवारी येतात, तिथल्या एखाद्या मार्गदर्शकाबरोबर छोटा प्रकल्प करतात आणि आठवड्याच्या शेवटी अहवाल देतात. ठरीव अभ्यासक्रम नसतो, काय करायचे ते मूल आणि मार्गदर्शक मिळून ठरवतात. मुलांची नावे शाळांमार्फत जातात, त्यामुळे मुख्याध्यापकांकडे चौकशी करायला हवी. आयुकाचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांच्याकडे मुले स्वाक्षरी मागायला येत, तेव्हा ते त्यांना पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठवायला सांगत. उत्तर स्वाक्षरीसह मिळे. विज्ञानाच्या दारात मुलाने काय घेऊन यावे, हे यातून उमजते. स्वतःचा एक प्रश्न घेऊन यावे.

इस्रोने २०१९ मध्ये ‘युविका’ हा युवा विज्ञानी कार्यक्रम सुरू केला. तो नववीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. निवड झालेली मुले सुमारे दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात राहतात आणि राहण्या-जेवणाचा व प्रवासाचा खर्च इस्रो करते. निवडीत आठवीचे गुण, ऑनलाइन प्रश्नमंजुषा, विज्ञान प्रदर्शनातील सहभाग असे अनेक निकष असतात आणि ग्रामीण भागातल्या शाळेत शिकणाऱ्यांना वेगळा भारांश मिळतो. गावातल्या शाळांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. अर्जाची मुदत वार्षिक परीक्षेच्या धामधुमीत येते आणि नेमकी तेव्हाच निसटते.

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, २०१७ मध्ये ‘जिज्ञासा’ हा उपक्रम सुरू केला. शाळा आणि प्रयोगशाळा यांची गाठ घालून देणे हा त्याचा हेतू. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, नागपूरची ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्था आणि गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था या सगळ्या सीएसआयआरच्याच संस्था. इथेही शाळेने पुढाकार घेतला तर काम लवकर होते.

मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. विज्ञान आणि गणित ऑलिम्पियाडचे ते राष्ट्रीय केंद्र. ऑलिम्पियाडचे टप्पे पार करत विज्ञान विषयांच्या शिबिरापर्यंत पोचलेल्या मुलांना तिथे प्रत्यक्ष प्रयोगांचा चांगला सराव मिळतो.

तालुक्यातली, जिल्ह्यातली दारे

वरच्या योजनांत जागा मोजक्या. बहुतेकांची निवड होणार नाही आणि त्यात कमीपणा काही नाही. खरी मोठी संधी आपल्या आसपास असते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठे आहेत, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीला. राजगुरुनगरला कांदा आणि लसणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, सोलापूरला डाळिंबाची, पुण्याजवळ मांजरीला द्राक्षाची, नागपूरला कापसाची आणि लिंबूवर्गीय फळांची. शिवाय जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे माती-पाणी परीक्षण, कीड-रोगांचे निरीक्षण, बियाण्यांच्या चाचण्या अशी कामे चालतात. शेतकऱ्याच्या मुलीला यातले प्रश्न शहरातल्या मुलापेक्षा जास्त जवळून माहीत असतात. ही तिची मोठी जमेची बाजू आहे.

अभियांत्रिकीची आवड असलेल्यांनी जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या किंवा आयटीआयतल्या कार्यशाळेची चौकशी करावी. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रकल्प वसंतात पूर्णत्वाला येत असतात, तेव्हा मदतीचे हात हवेच असतात. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकणे हेच त्याचे सूत्र आणि तिथली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक आहे. अशा ठिकाणी वेल्डिंग, इलेक्ट्रॉनिक्स, यंत्रदुरुस्ती यांची ओळख होते. जे यंत्र आपण खोलून पुन्हा जोडले, त्याचे तत्त्व विसरत नाही.

संस्थेशी पहिली ओळख कशी करायची? २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या सुमारास अनेक संशोधन संस्था सर्वांसाठी खुल्या असतात. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिथे या दिवसांत भरणाऱ्या प्रदर्शनात शाळा-कॉलेजांचे प्रकल्पही मांडले जातात. अशा दिवशी नुसते फोटो काढून परतू नका. एखाद्या टेबलाजवळ थांबा, तिथल्या संशोधकाला दोन प्रश्न विचारा आणि त्यांचे नाव व विभाग लिहून घ्या. पुढे पत्र पाठवताना त्या भेटीचा उल्लेख करता येतो.

आधी वही, मग अर्ज

शास्त्रज्ञाकडे ‘मला विज्ञानाची खूप आवड आहे’ असे सांगणारी पत्रे पुष्कळ येतात. आवड दिसावी कशी? ९५ टक्क्यांच्या गुणपत्रिकेतून ती दिसत नाही. ती दिसते नोंदींच्या वहीतून. म्हणून उमेदवारी मागण्याआधी दोन-तीन महिने स्वतःच्या एका प्रश्नावर घरीच काम करा.

उदाहरण घेऊ. एका मुलीच्या घरी कांद्याची चाळ आहे आणि दरवर्षी काही कांदे सडतात. प्रश्न असा की वरच्या थरात सड जास्त की खालच्या? दर रविवारी दोन्ही थरांतले ५०-५० कांदे पाहायचे. सडलेले किती, मोड आलेले किती, उरलेल्यांचे वजन किती, त्या दिवशी हवा कशी होती, हे लिहायचे. वहीचे एक पान असे दिसेल:

‘१४ जुलै, रविवार, सकाळी ८. रात्री पाऊस. वरचा थर: ५० पैकी सडलेले २, मोड आलेले ०. खालचा थर: ५० पैकी सडलेले ७, मोड आलेले १. खालचे कांदे चाळीच्या पश्चिमेकडून घेतले, तिकडून पावसाची झड येते. पुढच्या वेळी पूर्वेकडूनही घ्यावेत.’

या पानातली शेवटची दोन वाक्ये सर्वांत मोलाची. सड खालच्या थरामुळे की पश्चिमेच्या ओलाव्यामुळे, ही शंका मुलीला स्वतःला आली आणि ती तिने लपवली नाही, लिहून ठेवली. संशोधकाची नजर अशाच ओळीवर थांबते.

वहीचे नियम साधे आहेत. पेनने लिहा. चुकले तर एक रेघ मारा, खोडरबर किंवा व्हाइटनर वापरू नका. तारीख, वेळ आणि एकक प्रत्येक वेळी लिहा. मोजलेला आकडा आणि तुमचा अंदाज वेगवेगळे ठेवा. अपेक्षेबाहेरचा आकडा आला तर तो गाळू नका, त्याच्यापुढे खूण करा.

शेती नसेल तर दुसरे विषय शोधा. एक मीटर लांबीचा लंबक बांधून गुरुत्वत्वरण काढता येते. एका आंदोलनाला सुमारे दोन सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदाची चूक झाली, तर एकाच आंदोलनाच्या मापात ती १० टक्के होते, पण २० आंदोलने एकत्र मोजली तर अर्धा टक्का. ही गोष्ट ज्याने हाताने करून पाहिली, त्याला मोजमापातली त्रुटी वेगळी शिकवावी लागत नाही. गच्चीवरचे तापमान, विहिरीची पातळी, दारातल्या आंब्याचा मोहोर आणि फळधारणा, सायकलच्या ब्रेकची पकड, कशावरही असे काम होऊ शकते.

पत्र कसे लिहावे

पत्र फेब्रुवारी-मार्चमध्ये पाठवा. ते संचालकांच्या नावे मोघम न धाडता, ज्यांचे काम तुमच्या प्रश्नाशी जुळते त्या संशोधकांना पाठवा. कोण कशावर काम करते, ते संस्थेच्या संकेतस्थळावर असते. एकच पत्र शंभर जणांना पाठवण्यापेक्षा पाच-सहा जणांना नीट लिहिलेले बरे. कृषी संस्थांना मराठीतून लिहायला हरकत नाही. इतरत्र साध्या, शुद्ध इंग्रजीत लिहा. नमुना असा:

‘आदरणीय मॅडम, सादर नमस्कार. मी खेड तालुक्यातील एका शाळेत नववीत शिकते. आमच्या घरी कांदा पिकतो. गेल्या जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर रविवारी मी चाळीतल्या वरच्या आणि खालच्या थरातले कांदे तपासून सड, मोड आणि वजनातील घट यांच्या नोंदी ठेवल्या. वहीच्या दोन पानांचे फोटो जोडले आहेत. खालच्या थरात सड जास्त दिसली, पण ती ओलाव्यामुळे की वरच्या वजनामुळे, हे मला ठरवता येत नाही. आपण कांदा साठवणुकीवर काम करता असे वाचले. मे महिन्यात दोन आठवडे, सकाळी १० ते दुपारी ३ या वेळेत आपल्याकडे येऊन काम शिकता येईल का? मापे घेणे, नोंदी उतरवणे, साफसफाई, कोणतेही काम मी करीन. विज्ञान शिक्षकांचे पत्र आणि पालकांचे संमतिपत्र सोबत आहे. येणे शक्य नसल्यास, माझ्या नोंदींत काय सुधारावे एवढे कळवले तरी खूप मदत होईल.’

शेवटची ओळ मनापासून लिहा. अनेकांना लहान मुलांना प्रयोगशाळेत घेण्याची परवानगी नसते, पण दोन ओळींचा सल्ला द्यायला ते तयार असतात. ‘तुम्ही ५० कांदे निवडले कसे? हाताला लागले ते घेतलेत का?’ असा प्रश्न उत्तरात आला, तर तिथेच तुमची उमेदवारी सुरू झाली असे समजा. हाताला सहज लागणारे कांदे हे साऱ्या चाळीचे प्रतिनिधी नसतात, हा नमुना निवडीचा पहिला धडा आहे. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एक नम्र आठवण पाठवा. नंतर दुसऱ्या संशोधकांकडे वळा.

पत्र विद्यार्थ्यानेच लिहावे. आई-बाबांनी लिहिलेले किंवा संगणकाकडून लिहून घेतलेले पत्र चटकन ओळखू येते आणि विश्वास तिथेच उडतो.

प्रयोगशाळेतले दिवस

पहिल्या दिवशी सुरक्षेचे नियम विचारा आणि लिहून घ्या. पाय झाकणारे बूट, बांधलेले केस, अंगाबरोबरचे सुती कपडे. आत खायचे-प्यायचे नाही. डोळे धुण्याची सोय आणि आग विझवण्याचे साधन कुठे आहे, ते पाहून ठेवा. चालू यंत्राजवळ ओढणी किंवा सैल बाही नको. काही सांडले, फुटले तर लगेच सांगा. लपवलेली फुटकी काच दुसऱ्याच्या हातात घुसते.

उपकरण शिकण्याची घाई करू नका. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मायक्रोपिपेट बहुधा पहिल्याच दिवशी हातात येते. दिसायला सोपी, पण अंगठा पहिल्या थांब्यापर्यंतच दाबून टोक द्रवात बुडवायचे, अंगठा हळू सोडायचा आणि द्रव बाहेर टाकताना मात्र दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबायचे. झटक्याने सोडले की हवेचा बुडबुडा आत जातो आणि माप चुकते. आपला हात बसला का, हे तपासायची एक पद्धत आहे. एक मिलिलिटर पाण्याचे वजन जवळजवळ एक ग्रॅम. दहा वेळा एक-एक मिलिलिटर पाणी तागडीवर टाकून वजने लिहा. दहाही आकडे एक ग्रॅमच्या आसपास आणि एकमेकांजवळ असतील तर हात बसला. एकमेकांजवळ आहेत पण सगळेच कमी भरतात, तर तुमच्या पद्धतीत किंवा पिपेटमध्ये काहीतरी एकसारखे चुकते आहे. अचूकता आणि सातत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे असे तासाभरात पटते.

न समजलेले विचारा, पण आधी स्वतः शोधून. दिवसाच्या शेवटी मार्गदर्शकांना तीन ओळी सांगा: आज काय केले, काय दिसले, उद्या काय करायचे. तिथले पीएचडीचे विद्यार्थी तुम्हाला सर्वांत जास्त शिकवतील. त्यांच्या वेळेची कदर करा. आकडे, फोटो आणि नमुने संस्थेचे असतात, परवानगीशिवाय ते कोणाला पाठवू नका.

पालकांनी पाहायच्या गोष्टी

मूल अल्पवयीन आहे हे विसरू नका. संस्थेचे लेखी पत्र घ्या, त्यात कामाची वेळ, काम आणि जबाबदार व्यक्तीचे नाव असावे. पहिल्या दिवशी स्वतः सोबत जा. मूल एकट्याने यंत्र चालवणार नाही आणि संध्याकाळी उशिरापर्यंत थांबणार नाही, हे ठरवून घ्या. कोणाच्या वागण्याने अस्वस्थ वाटले तर घरी मोकळेपणाने सांगता येईल, असे वातावरण ठेवा. तक्रार आली तर संधी जाईल म्हणून ती दाबू नका.

पैशांबद्दलही सावध राहा. ‘सहा आठवड्यांत शोधनिबंध आणि प्रमाणपत्र’ असे आश्वासन देऊन मोठी रक्कम मागणाऱ्या जाहिराती दिसतात. शुल्क घेणारा प्रत्येक कार्यक्रम वाईट नसतो. पण मार्गदर्शक कोण, ते मुलाला आठवड्यात किती वेळ भेटणार, निबंध कुठे छापणार आणि तिथे तज्ज्ञांकडून तपासणी होते का, ही उत्तरे आधी मिळाली पाहिजेत. पैसे भरले की छापणारी नियतकालिके आहेत आणि तिथले नाव पुढे अडचणीचे ठरते. मुलाने न केलेल्या कामावर त्याचे नाव घालणे ही फसवणूक आहे आणि तिचा धडा मूल आपल्याकडूनच घेते.

प्रकल्प पुढे स्पर्धेत न्यायचा असेल तर नियम आधी वाचा. माणसांवरील किंवा पृष्ठवंशीय प्राण्यांवरील प्रयोग, जिवाणू वाढवणे अशा कामांना आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळ्यात काम सुरू करण्यापूर्वीच मंजुरी लागते.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांसाठी

तिकडे अशा संधींची परंपरा जुनी आहे. एमआयटीत भरणारी रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट १९८४ मध्ये सुरू झाली. ती सहा आठवड्यांची असून विद्यार्थ्यांकडून शिकवणी शुल्क घेत नाही. स्पर्धा मात्र अतिशय कडक असते. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळांतला शालेय उमेदवारीचा कार्यक्रम आठ आठवड्यांचा आहे आणि त्यात मानधन मिळते. तिथे नागरिकत्वाची अट असते, म्हणून व्हिसावर असलेल्या कुटुंबांनी अर्जावर श्रम घेण्याआधी ती वाचावी. अर्जांच्या मुदती आदल्या वर्षीच्या शरद-हिवाळ्यातच संपतात. जवळच्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांना वहीसह पत्र लिहिण्याची वाट तिथेही खुली आहे.

शेवटचा आठवडा आणि पुढे

शेवटच्या आठवड्यात नवे काम घेऊ नका. चार-पाच पानांचा अहवाल स्वतःच्या शब्दांत लिहा: प्रश्न, पद्धत, आकडे, निष्कर्ष आणि अजून न कळलेले. जागा झाडून-पुसून, उपकरणे जिथल्या तिथे ठेवून निघा. आभाराचे पत्र पाठवा आणि वर्षभराने काय करता आहात ते कळवा. पुढे शिफारसपत्राची गरज लागेल तेव्हा त्यांना तुम्ही आठवायला हवेत. शाळा उघडली की वर्गात अर्धा तास मागून घ्या आणि काय शिकलात ते मित्रांना दाखवा.

शेवटी शिक्षक आणि संशोधक वाचकांना एक विनंती. ज्या घरात कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, तिथल्या मुलाला पत्र कोणाला लिहायचे हेच माहीत नसते. शिक्षकांनी दरवर्षी जानेवारीत वर्गातल्या दोन मुलांच्या वह्या पाहाव्यात आणि त्यांच्या पत्राला आपले पत्र जोडावे. संशोधकांनी आलेल्या पत्रांपैकी एकाला तरी सविस्तर उत्तर द्यावे आणि शक्य असेल तर दोन आठवडे एक स्टूल रिकामे ठेवावे. आणि मुलांनो, उत्तराची वाट पाहत बसू नका. आज रविवार नसला तरी चालेल, वहीवर तारीख घाला आणि पहिले माप घ्या.